सुभेदार वारल्याची बातमी

पालथ्या घड्यावर पाणी ओतायची हौस असेल, तर माणसानं कॉलेजातल्या पोरांना बातमी लिहायला शिकवावं. मी शिकवलं. सांगलीत, दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना, दर शनिवारी दुपारी, बाकीचं कॉलेज जेवून सुस्तावलेलं असायचं त्या वेळात. विद्यापीठाला या वर्गाचा पत्ताही नव्हता. त्याला मार्क नव्हते, पास-नापास नव्हतं, शेवटी कसलं सर्टिफिकेटही मिळायचं नव्हतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, "घ्या हो, पण पोरं बिघडणार नाहीत एवढं बघा." पोरं बिघडायची ती आधीच बिघडलेली होती. त्यांना शाळेत निबंध शिकवले होते.

निबंध शिकलेल्या पोराकडून बातमी लिहून घेणं म्हणजे काय कर्म आहे, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. एका गुऱ्हाळाला आग लागली होती. त्याची बातमी लिहा म्हटलं. एकानं सुरुवात केली, "मानवी जीवन क्षणभंगुर आहे." दुसऱ्यानं अग्नी ही देवता कशी, हे आधी अर्धं पान सांगितलं. तिसऱ्याचं गुऱ्हाळ शेवटच्या ओळीत पेटलं. शिराळ्याच्या एका पोरानं नागपंचमीवर लिहिलं. त्यात आजोबांची आठवण, आईच्या हातची पुरणाची दिंडं आणि श्रावणाचं वर्णन हे सगळं झाल्यावर मग नाग आले. मी म्हटलं, "अरे गाढवा, नाग बिळातून बाहेर येतो तो तोंडाकडून की शेपटीकडून?" वर्ग हसला. तोही हसला. पुढच्या शनिवारी त्यानं पुन्हा शेपटीकडूनच सुरुवात केली.

मी मूळचा सातारचा. पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं कापून कापून डोळे अधू झाले आणि जीभ तिखट झाली, तेव्हा मास्तरकी पत्करली आणि सांगलीला येऊन मराठी शिकवायला लागलो. पण शाईचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. या मुलखात घराघरातून पोरं लढाईवर गेलेली, रोज काही ना काही घडतंय, आणि छापून काय येतं, तर कुणाच्या बंगल्यावर पानसुपारी झाली आणि कोण कोण हजर होतं. चार पोरं तरी अशी तयार करावीत, की जी डोळे उघडे ठेवतील आणि पाहिलेलं नीट सांगतील. याहून मोठी माझी मागणी नव्हती हो.

नियम मी दोनच शिकवायचो. पहिल्या वाक्यात मुख्य गोष्ट सांगायची. कोण, काय, कुठं, कधी. आडवळण नको, हळहळ नको, सुविचार तर मुळीच नको. आणि दुसरा नियम असा, की ऐकलेल्या गोष्टीला दोन वेगळ्या माणसांचा दुजोरा मिळाल्याशिवाय कागदाला टाक लावायचा नाही. हे दोन्ही नियम मी आजही बरोबर मानतो. कुणी काही म्हणो.

सगळ्या वर्गात एकच पोरगा हाती लागला. कवठे महांकाळच्या बाजूच्या एका खेड्यातला. उंच, काटकुळा, लाजरा. बोलला की गावाकडचं बोलायचा, म्हणून सांगली-मिरजेची पोरं त्याची नक्कल करायची. पण लिहायला बसला की असं लिहायचा, की माझ्या लाल पेन्सिलीला काही काम उरायचं नाही. त्याच्या घराण्यात दर पिढीला एक माणूस पलटणीत गेलाच पाहिजे असा दंडक होता. याचे वडील हा लहान असतानाच वारले. थोरल्या चुलत्यांनी वाढवलं. ते चुलते पहिल्या लढाईत जाऊन आलेले, सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. आता नंबर याचा होता, आणि भरतीचे लोक तर गावोगाव फिरतच होते. यानं चुलत्यांचे पाय धरले, मला शिकू द्या म्हणाला. सुभेदारांनी एक वर्षाची मुदत दिली. "वरसात लेखणीवर भाकरी मिळवून दाखीव. न्हाईतर गुमान भरतीला चल."

हे त्यानं मला सांगितलं आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. या पोराला लढाईवर जाऊ द्यायचं नाही. घराण्याचा दंडक गेला खड्ड्यात! अख्ख्या आयुष्यात एक विद्यार्थी मिळाला, तो काय बंदुकीच्या तोंडी द्यायचा?

गावात एक साप्ताहिक होतं. संपादक, मालक, मुद्रक सगळं एकच गृहस्थ. तपकिरीचे शौकीन, त्यामुळं त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक प्रुफावर तपकिरीचे डाग. लढाईमुळं कागद मिळेना, अंक चार पानांवर आलेला, म्हणून त्यांना थोडक्यात लिहिणारा बातमीदार हवा होता. मी त्यांचा पिच्छा पुरवला. ते म्हणायचे, "मास्तर, कॉलेजातली पोरं नकोत. ती एका मयताला दोन कॉलम घेतात." शेवटी कंटाळून म्हणाले, "आणा तुमच्या हिऱ्याची एखादी बातमी. जशीच्या तशी छापता आली तर ठेवून घेतो."

पोराला सांगितलं, तर त्याचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. त्या दिवसापासून तो बातमी शोधत सांगलीभर हिंडायला लागला. हळदीच्या पेठेत जाऊन बसायचा, कृष्णेच्या घाटावर बसायचा, कोर्टाच्या आवारात उभा राहायचा. पण चांगली बातमी मागून थोडीच मिळते? कशात काय नि फाटक्यात पाय. मुदतीचं वर्ष संपत आलं.

अशातच एका शनिवारी वर्ग भरलेला असताना हा दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, तोंड सुजलेलं. "काय झालं रे?" म्हणून विचारलं, तर त्यानं आधी दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "थोरलं गेलं, सर. आज पहाटं. गावाकडनं माणूस आला हुता सांगाया."

मी म्हटलं, अरे मग आधी घरी नीघ. तर म्हणाला, मिरजेहून छोटी आगगाडी संध्याकाळी आहे, सांगलीतल्या आत्यालाही बरोबर न्यायचं आहे. आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पुढं मी काय शिकवलं ते देव जाणे. तास संपल्यावर पोरं गेली, तेव्हा तो उठून आला आणि त्यानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. सुभेदार वारल्याची बातमी होती.

पहिल्याच वाक्यात गाव, सुभेदारांचं नाव, आणि शनिवारी पहाटे राहत्या घरी वारले. पुढं कोणत्या पलटणीत होते आणि कुठं लढले. मग गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर त्यांनी कशी खणून घेतली ते. मागं कोण आहे ते. संपलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' नाही, 'क्रूर काळाने घाला घातला' नाही. बापाच्या जागी असलेला माणूस गेला म्हणून आसवं गाळणारा पोरगा असं लिहितो! मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"दुजोरा?" मी विचारलं. असल्या वेळीसुद्धा हे विचारणारा मी, म्हणजे राक्षसच की. पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"घेतला, सर," तो म्हणाला. "आत्या रडून रडून बेसुद पडली. पेठंत आमच्या गावचा अडत्या हाय, त्येला जाऊन इचारलं. त्येलाबी सकाळीच सांगावा आलाय. दुकान बंद करून डोसक्याला हात लावून बसलाय. म्हनला, व्हय बाबा, गेला आपला वाघ."

सांगायला आलेला माणूस, आत्या आणि अडत्या. याहून पक्की बातमी त्या दिवशी अख्ख्या मुंबई इलाख्यात नसेल. मी तो कागद घेऊन तडक छापखान्यात गेलो. संपादकांनी वाचला. तपकिरीची चिमूट नाकापर्यंत न जाता तशीच हातात राहिली. "हे त्या पोरानं लिहिलं? स्वतःच्या चुलत्याचं?" म्हणाले. मग कागद खिळे जुळवणाऱ्याकडं देत म्हणाले, "जसंच्या तसं घे. आणि मास्तर, सुतक फिटलं की पाठवून द्या त्याला. जागा त्याची."

घरी येताना मला सुभेदारांचं वाईट वाटत होतं, आणि पोरगा वाचला म्हणून आनंदही होत होता. दोन्ही एकदम होत होतं. माणसाचं मन असंच असतं, त्याला कोण काय करणार?

रविवारी सकाळी अंक निघाला. सोमवारी पोरगा कॉलेजात हजर. सुतकातला पोरगा दोन दिवसांत परत कसा आला, म्हणून मी बघतच राहिलो. त्यानं मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"सर, थोरले जित्ते हायत."

गोष्ट अशी झाली होती. शुक्रवारी सुभेदार अंगणात तोंड धूत बसले असताना एक कावळा येऊन त्यांच्या डोक्यावर बसला. आमच्याकडं याच्याएवढा अपशकुन नाही. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याचं मरण जवळ आलं म्हणतात. त्याला उतारा एकच. परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांना, तो माणूस मेला असा खोटा सांगावा धाडायचा. त्यांनी तो खरा मानून रडलं पाहिजे, ऊर बडवला पाहिजे. रडणं झालं म्हणजे मरण येऊन गेलं असं धरायचं. मग दुसरा माणूस जाऊन सांगतो, बाबांनो, डोळे पुसा, कावळ्याचं होतं. लोक त्याला शिव्या घालतात, हसतात, आणि गोडधोड करून खातात.

ही चाल मला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणी साताऱ्यात मावशीच्या नावानं आम्ही असेच एकदा गळे काढले होते. पण चुलता गेला म्हणून सांगणाऱ्या पोराला, "बाबा रे, कावळ्याचं तर नसेल ना?" असं कोण विचारील? आणि त्या पोराला तरी कसं सुचावं? त्याला रडवायलाच तर माणूस धाडला होता. आत्याला रडवायला, अडत्याला रडवायला. घेतला आम्ही दुजोरा! सांगलीतल्या आणखी कितीही जणांकडून घेतला असता तरी ते सगळे ढसढसा रडलेच असते. पोरगा आत्याला घेऊन रात्री घरी पोचला तेव्हा कुठं त्याला खरं कळलं, आणि रात्री परतायला गाडी नव्हती. डोळे पुसा म्हणून सांगणारा माणूस गावाहून निघाला, तोवर अंक गावोगाव पोचलाही होता.

सांगली पोट धरून हसली. मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून कुणीतरी "काव काव" करायचं. मी ओरडायचो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून व्हायचं. त्या पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "मास्तर, पुढच्या टर्मपासून शनिवारची खोली आम्हाला सुभाषितांच्या वर्गाला लागेल." बरं, म्हटलं. सुभाषितं कधी खोटी पडत नाहीत, त्यांचं चांगलं असतं.

संपादकांकडं गेलो, तर ते माझ्याशी बोलायलाच तयार नव्हते. "सुभेदार जिवंत आहेत, ही काय बातमी झाली? गावात इतकी माणसं जिवंत आहेत, सगळ्यांची छापू?" अखेर पुष्कळ विनवल्यावर एका आयुर्वेदिक तेलाच्या जाहिरातीखाली दोन ओळी टाकल्या. पोराच्या जागेचा विषय काढला, तर हात जोडून म्हणाले, "तुमचा हिरा तुमच्याकडंच ठेवा."

आता उरले सुभेदार. त्यांच्या पाया पडून आणखी एक वर्ष मागून घ्यावं, म्हणून मी पोराबरोबर त्याच्या गावी गेलो. छोट्या गाडीनं कवठे महांकाळ, तिथून पुढं उन्हातून चालत. दोन्ही बाजूंना कोरडी ढेकळं. पोरगा चार पावलं पुढं चालत होता. मी मात्र काय बोलायचं ते मनात घोळवत होतो, आणि मधूनच मोठ्यानंही बोलत होतो.

सुभेदार ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. ज्याचं मयत छापलं त्याला रामराम करताना माझी मलाच लाज वाटली. त्यांनी मात्र मानानं घोंगडं अंथरायला लावलं, गुळाचा चहा आणवला.

"तुमीच न्हवं ते मास्तर? पोराला पेपरातलं शिकिवनारं?"

मी म्हटलं, होय, आणि चूक पोराची नाही.

"न्हाईच," ते म्हणाले. "तुमचीबी न्हाई. रिपोर्ट बराबर हुता. पर आवं, त्वांडानं केल्यालं रडणं त्वांडानं पुसता येतं. छापल्यालं कशानं पुसायचं? वडूजकडं माझं पलटणीतलं दोस्त हायती. त्येंनी पेपर वाचला. धाव्याच्या दिशी मंडळी जमवून माझ्या नावानं घास ठेवला. आन् मास्तर, कावळ्यानं त्यो घेतला. ठेवल्या ठेवल्या घेतला म्हनं."

त्यांचा हात थांबला होता. पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळत बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले होते. पण जिवंत माणसाच्या नावाचा घास कावळ्यानं घेतला, यावर काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग माझा संताप झाला. "अहो सुभेदारसाहेब, तुम्ही समोर बसलाय! चहा पिताय! तंबाखू मळताय!"

"मळतोय खरा," ते म्हणाले. "कवापातूर, ते बगायचं."

मी पोराचा विषय काढला. एक वर्ष द्या म्हटलं, पुण्याला माझी ओळख आहे म्हटलं, असं लिहिणारा पोरगा मी आजवर पाहिला नाही म्हटलं. सगळं बोललो. पोराची आई दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बोललो हुतो, लेखणीवर भाकरी मिळवून दाखीव. तिनं काय मिळीवलं, ते सगळ्या मुलखानं बघितलं. आता हुकूम झाला तो झाला."

"तिकडं पोरं मरतायत हो!" मी ओरडलो.

"मरत्यात," ते म्हणाले. "मला ठावं हाय. तुमच्या आदीपासनं ठावं हाय."

मी पोराकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा तोंड उघडेल, नाही म्हणेल, पाय आपटेल. तो उठला आणि माझा रिकामा कप उचलून आत घेऊन गेला.

तो भरती झाला. मी सांगली सोडली. भांडून नव्हे, भांडण्याइतकी उमेदच उरली नव्हती. साताऱ्याला एका हायस्कुलात लागलो आणि पोरांना निबंध शिकवायला लागलो. 'मानवी जीवन क्षणभंगुर आहे' अशी सुरुवात कुणी केली की मुकाट्यानं बरोबरची खूण करायचो. कशाला उगाच? रोज सकाळी वाचनालयात जाऊन लढाईच्या बातम्या वाचायचो आणि त्यात काही कळत नाही म्हणून वर्तमानपत्रवाल्यांना शिव्या द्यायचो.

लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. पोवई नाक्यावर मोटारी उभ्या राहायच्या तिथून मी घरी चाललो होतो. खाकी कपड्यातला एक माणूस पुढं येऊन पाया पडला. मी ओळखलं नाही. अंगानं भरला होता, केस बारीक कापलेले. बोलल्यावर ओळखलं, आणि भर रस्त्यात त्याला मिठी मारली. जिवंत होता! धडधाकट होता!

"तू लढाईवर नाही गेलास?"

"न्हाई, सर. ट्रेनिंग झालं आन् सायबानं कचेरीत ठेवून घेतलं. कामासाठी साताऱ्याला धाडलं हुतं, आता परत निगालो."

मी म्हटलं, देव पावला. मग विचारलं, कचेरीत काय काम करतोस?

तो मोटारीकडं बघत म्हणाला, "जी पोरं पडत्यात, त्येंच्या घरी मराठीतनं पत्र धाडावं लागतं. ते मी लिवतो. आदीचा कारकून लय फिरवून फिरवून लिवायचा. घरच्यांस्नी कळायचंच न्हाई, पोरगं मेलं का जखमी हाय. सायेब माझ्यावर खूस हाय. म्हनतो, तू बराबर लिवतोस. पयल्याच वाक्यात नाव, गाव, कवा, कुठं."

मी त्याचा हात धरून उभा होतो तो तसाच धरून राहिलो.

"नावं मी दोन-दोन ठिकाणी ताडून बगतो, सर," तो म्हणाला. "एक तरी खोटं निघावं म्हनून लय बगतो. एकबी निघत न्हाई."

मी घाईघाईनं बोलायला लागलो. लढाई संपली की ये, पुण्याला जाऊ, अजून काही बिघडलेलं नाही, तू लिहू शकतोस. तो ऐकत होता. लहान पोराचं बोलणं आपण ऐकतो तसं ऐकत होता. मग म्हणाला, "आता न्हाई जमायचं, सर. चार म्हयन्यामागं थोरल्यास्नी खुशालीचं पत्र लिवाया बसलो. पयली ओळ लिवली, नाव, गाव, आन् वाचली तर मलाच कापरं भरलं. फाडून टाकलं. तवापासनं घरी लिवलंच न्हाई. आईला लय घोर लागला आसल. तुमी कवा तिकडं गेला, तर तोंडी सांगाल का? मी बरा हाय म्हनून?"

त्याची मोटार सुटली. मी घरी येऊन दाराला कडी लावली आणि रडलो. बायकोनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

कवा तिकडं गेला तर, असं तो म्हणाला होता. मी पुढच्याच रविवारी निघालो. एवढं एक काम तरी माझ्या हातून नीट व्हावं, अशी मनात आशा होती. पोरगं सुखरूप आहे असं सांगायचं, आईला बरं वाटेल, सुभेदारांनाही वाटेल. पुन्हा ती गाडी, पुन्हा ते ऊन. गावात शिरताना बायकांनी माझ्याकडं वळून वळून पाहिलं. मी मास्तर आहे, त्याचा मास्तर आहे, हे त्यांना आठवत होतं.

सुभेदार ओट्यावरच होते. थकले होते, पण ठणठणीत होते. मला बघून उभे राहिले. मी अजून चपला काढतोय तोच आतून आई आली आणि उंबऱ्यात थबकली.

मी पहिल्याच वाक्यात सांगितलं. "तुमचा मुलगा बरा आहे. मला साताऱ्यात भेटला होता."

आईनं सुभेदारांकडं बघितलं. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि मटकन खाली बसली. आतून एक बाई धावत आली, शेजारची एक आली, आणि मला काही कळायच्या आत घरात हंबरडा फुटला.

"अहो, काय झालं?" मी म्हटलं. "बरा आहे तो! मी या डोळ्यांनी पाहिला! बोललो त्याच्याशी!"

"किती म्हयनं झालं, पोराची चिट्ठी न्हाई," शेजारीण दुसरीला सांगत होती. "आन् मास्तर एवढ्या लांबनं, एवढ्या उन्हाचं, निस्ती खुशाली सांगाया येतोय व्हय?"

मी घसा फोडून सांगत होतो. जिवंत आहे, कचेरीत आहे, लढाईवर गेलाच नाही. जितकं जास्त सांगावं तितकं रडणं वाढत होतं. वेशीवरून माणसं यायला लागली. एकानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बसा मास्तर, पाणी प्या, अवघड काम केलंत.

सुभेदार तेवढे रडत नव्हते. ते हळूहळू माझ्याजवळ येऊन बसले. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कवा?"

"सुभेदारसाहेब, तुमच्या गळ्याची शपथ घेतो, तो जिवंत आहे."

म्हाताऱ्यानं मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थोपटल्यासारखं केलं.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "मयताचं सांगाया गेलं की पयल्यांदा आमीबी असंच सांगतो."